शांतारामबापूंचा सिनेमा गावात दाखवायचा तर आधी आवाज जुळवा

दिवाळी सरली की आसपासच्या वाचनालयांतून, शाळांतून मला फोन येऊ लागतात. "बाई, अठरा तारखेला शांतारामबापूंचा कार्यक्रम करायचाय, कसा करू?" १८ नोव्हेंबर हा व्ही. शांताराम यांचा जन्मदिवस. १९०१ साली ते कोल्हापुरात जन्मले. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल होते. निवृत्त झाले तरी हा कार्यक्रम सोडलेला नाही. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवते.

पहिल्या वर्षी काय झालं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच शिकलेलं आहे. आम्ही बापूंचा 'कुंकू' सिनेमा लावला होता. फोटोला हार, दीपप्रज्वलन, चार पाहुण्यांची भाषणं. सिनेमा सुरू व्हायला पावणेनऊ झाले. आवाजासाठी मिरवणुकीला लावतात तसले दोन उंच बॉक्स अंगणाच्या दोन टोकांना उभे केले होते. दहा मिनिटांत पुढच्या रांगेतल्या एक आजी मागं वळून मला म्हणाल्या, "बाई, तोंडं हालत्यात, पण बोलणं कुठं हाय?" बोलणं खरंच नव्हतं. नुसता धुमधुम घुमणारा गोळा कानावर येत होता. पाऊण तासात निम्मं अंगण उठून गेलं.

मला त्या रात्री झोप लागली नाही. १९३७ साली बापूंनी 'कुंकू'तून पार्श्वसंगीत पूर्ण काढून टाकलं होतं. घड्याळाची टिकटिक, पावलं, दारांचे आवाज, रस्त्यावरचा गलबला, एवढ्यावर त्यांनी अख्खा सिनेमा तोलून धरला. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती आणि पडद्यावर सगळीकडे गाणंच गाणं होतं, त्या काळात हे धाडस केलं. नेमक्या त्याच सिनेमाचा आवाज आम्ही मातीत घातला. तेव्हापासून मी एकच धरून बसले आहे: बापूंची आठवण काढायची तर त्यांचा सिनेमा नीट दाखवायचा, आणि नीट दाखवायचा म्हणजे आधी नीट ऐकू आला पाहिजे. हार-तुरे नंतर.

सिनेमे तीनच घ्या

लोक हौसेनं सात-आठ नावं काढतात. एवढे सिनेमे कुणी बघत नाही. तीन संध्याकाळी, तीन सिनेमे. माझी निवड ठरलेली आहे: 'कुंकू', 'शेजारी' आणि 'दो आँखें बारह हाथ'.

'कुंकू' ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. मामानं पैशासाठी म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायलाच तयार नाही. शांता आपटे आणि केशवराव दाते. 'शेजारी' १९४१चा. पाटील आणि मिर्झा हे दोन जिवलग म्हातारे, बुद्धिबळाचा पट, आणि धरणाच्या कंत्राटापायी त्यांच्यात लावलेली फूट. देशात फाळणीची भाषा सुरू झाली होती त्या दिवसांतला हा सिनेमा. याच्या हिंदी आवृत्तीत, 'पडोसी'त, बापूंनी हिंदूची भूमिका मझहर खान यांना आणि मुसलमानाची गजानन जागीरदारांना दिली. प्रास्ताविकात एवढं सांगितलं तरी लोक सावरून बसतात. 'दो आँखें बारह हाथ' १९५७चा. त्याच्याबद्दल पुढं सविस्तर सांगते, कारण तो आमच्या घरचा सिनेमा आहे.

एक चूक हमखास होते. पत्रिकेवर बापूंच्या नावाखाली 'संत तुकाराम' छापतात. 'संत तुकाराम' प्रभातचाच, पण दिग्दर्शन विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांचं. 'संत ज्ञानेश्वर'ही त्यांचाच. प्रभात ही बापूंसह पाच जणांनी मिळून उभी केलेली कंपनी. १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ला पुण्यात आली. एकाचं श्रेय दुसऱ्याच्या नावावर मांडणं हा दोघांचाही अपमान होतो. संतपटच हवा असेल तर बापूंचा १९३५चा 'धर्मात्मा' घ्या. त्यात बालगंधर्व एकनाथ झाले आहेत.

"पिंजरा का नाही?" हेही विचारतात. 'पिंजरा' जरूर दाखवा, पण तो रंगीत आणि गाण्यांचा सिनेमा लोकांना पाठ आहे, टीव्हीवर लागतो. ज्याला आपण होऊन कुणी हात लावणार नाही ते आधी दाखवावं असं मला वाटतं. शिवाय त्याच्यासाठी परवानगी लागेल.

प्रत आणि कागदपत्रं

आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. त्या हिशेबानं वरचे तिन्ही सिनेमे मोकळे आहेत. 'पिंजरा' १९७२चा, तो २०३२ संपेपर्यंत नाही. तरी गाण्यांचे, पटकथेचे हक्क वेगळे असतात, म्हणून ज्यांची डीव्हीडी वापरणार त्यांना मी पत्र घालते. तिकीट लावत नाही आणि पडद्यावर त्यांचं नाव दाखवते.

नेटवरून उतरवलेली कसलीतरी प्रत आणू नका. मधेच रीळ गायब असतं, नाहीतर कोपऱ्यात कुणाचा तरी शिक्का नाचत असतो. प्रत हातात आली की घरी बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा, कानाला हेडफोन लावून. कुठं आवाज बसतो, कुठं खरखर वाढते ते वेळेसकट कागदावर लिहून ठेवा. तो कागद त्या रात्री साऊंडवाल्याच्या हातात द्यायचा आहे. खरखरीवर चिडू नका. 'कुंकू', 'शेजारी'च्या काळातली मूळ फिल्म नायट्रेटची असे, आणि नायट्रेट लवकर पेट घेतं. २००३ साली पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्म्सच्या साठ्याला आग लागली, त्यात प्रभातचंही बरंच गेलं. जे आपल्याला ऐकू येतंय ते त्यातून वाचलेलं आहे, हे मी प्रेक्षकांना सांगते. मग खरखरीबद्दल कुणी तक्रार करत नाही.

उघड्यावर कार्यक्रम असेल तर पोलीस ठाण्यात ध्वनिक्षेपकाचा अर्ज आठ दिवस आधी द्या. रात्री दहाला आवाज बंद म्हणजे बंद. सिनेमा सव्वादोन ते पावणेतीन तासांचा, मध्यंतर दहा मिनिटांचं. तेव्हा पावणेसातला पडदा उजळलाच पाहिजे. नोव्हेंबरात सहाला सूर्य मावळतो, पावणेसातपर्यंत मिट्ट अंधार होतो, म्हणजे जमतं. भाषणांना जागाच उरत नाही, हे मला फार सोयीचं पडतं.

आवाज

हे नीट वाचा, बाकीचं एकवेळ सोडलंत तरी चालेल.

जुन्या सिनेमाचा आवाज एकेरी असतो. डावीकडून एक, उजवीकडून एक असं त्यात काही नाही. म्हणून दोन टोकांना दोन बॉक्स ठेवले की एका बाजूला बसलेल्या माणसाला तेच वाक्य दोनदा, मागंपुढं ऐकू येतं आणि शब्द फाटतो. एकच बॉक्स घ्या, मध्यम आकाराचा, आणि पडद्याच्या अगदी खाली नाहीतर मागं मधोमध ठेवा. बाकावर चढवा. बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून आवाज गेला पाहिजे, पाठीत घुसता कामा नये. केशवराव दाते बोलतात तर आवाज केशवराव दात्यांच्या तोंडातून आल्यासारखा वाटला पाहिजे.

मग मिक्सर. साऊंडवाल्यांची सगळी जुळणी लग्नाच्या गाण्यांसाठी केलेली असते. बास चढवलेला, इको चालू. इको पूर्ण बंद करायला लावा आणि स्वतः बघा, कारण माईकच्या लाइनवरचा बंद केला तरी कधी कधी दुसऱ्या लाइनवरचा चालूच राहतो. बास निम्म्याच्या खाली आणा. मधली पट्टी थोडी वर घ्या, माणसाचं बोलणं तिथं असतं. वरची पट्टी वाढवू नका, खरखर तिथं असते. चाचणीला गाणं लावू नका. गाणं कसंही लावलं तरी बरं वाटतं. संवाद लावा, दबक्या आवाजातला.

ब्लूटूथनं आवाज देऊ नका. ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. वायरच घाला. सतत घूंऽऽ असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बहुतेक वेळा थांबतो. थांबला नाही तर प्रोजेक्टर, मिक्सर, लॅपटॉप सगळे एकाच बोर्डावरून घ्या. जनरेटर लागणार असेल तर इमारतीच्या पाठीमागं, लांब वायर टाकून. अंगणात ठेवलात तर 'कुंकू'तल्या घड्याळाऐवजी तेवढाच ऐकू येईल.

सभागृहात करणार असाल तर भिंती घुमतात. आम्ही मागच्या भिंतीवर दोरी बांधून घोंगडी टांगतो. आमच्या भागात घोंगडीला तोटा नाही, एका धनगरवाड्यातून बारा घोंगडी येतात. खाली सतरंज्या. एवढ्यानं घुमणं निम्म्यावर येतं. विश्वास बसत नसेल तर आधी रिकाम्या सभागृहात एकदा टाळी वाजवून बघा आणि घोंगडी टांगल्यावर पुन्हा वाजवा.

आणि शेवटची चाचणी. आदल्या संध्याकाळी गावातली दोन वयस्कर माणसं आणून शेवटच्या रांगेत बसवा. पाच मिनिटांचा प्रसंग लावा, बंद करा आणि काय बोलले ते त्यांना विचारा. दोघांनीही वाक्यं सांगितली तरच आवाज जुळला. आम्ही यासाठी त्याच आजींना बोलावतो, पहिल्या वर्षीच्या. त्या आता स्वतःच खुर्ची ओढून मागं जाऊन बसतात आणि हात वर केला की आम्ही पुढं सरकतो.

आमचा साऊंडवाला पोरगा सुरुवातीला नाराज होता. "बाई, एवढा बारीक आवाज ठेवलाय, लोक मला हसतील." पहिले दोन दिवस मी त्याच्या शेजारीच बसले होते. 'शेजारी'त धरण फुटतं तिथं त्याचा हात आपोआप वर चढू लागला. मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. आवाज होता तेवढाच राहिला. पाणी आलं, आणि अंगणातलं एक पोरगं आईला चिकटलं. साऊंडवाल्या पोरानं ते पाहिलं. नंतर तो मला म्हणाला, "आधीचं सगळं गप होतं म्हणून हे मोठं वाटलं व्हय बाई?" बापूंच्या दिग्दर्शनाबद्दल मी जे चार तासिकांत सांगितलं असतं ते त्याला एका रात्रीत कळलं होतं.

पडदा

फ्लेक्सची उलटी बाजू लावतात, ती चकाकते. वाचनालयाची चुना मारलेली भिंत असेल तर तीच उत्तम. नाहीतर पांढरा मांजरपाट दुहेरी शिवून घ्या आणि शिवण मधोमध येणार नाही असं शिंप्याला बजावा. रुंदी बारा फूट असेल तर उंची नऊ फूट, कारण या सिनेमांची चौकट चाराला तीन अशी असते. चारी बाजूंनी काळ्या अस्तराची वीतभर पट्टी लावा, चित्र एकदम उठून दिसतं.

प्रोजेक्टर मात्र चित्र ताणून अख्खा रुंद पडदा भरू बघतो. मग शांता आपट्यांचा चेहरा पसरट होतो आणि घड्याळ अंडाकृती. रिमोटवर चार-तीनची चौकट निवडा, कडेला काळ्या पट्ट्या येऊ द्या. त्यांना बघून कुणीतरी "चित्र पूर्ण दिसत नाही" म्हणणारच. पूर्ण दिसतंय म्हणून सांगा. ज्या माणसानं 'अमृतमंथन'मध्ये राजगुरूचा एक डोळा पडदाभर दाखवण्यासाठी लांब भिंगाचा आटापिटा केला, त्याची चौकट आपण वाकडी करायची नाही.

आधी तीन मिनिटं, नंतर हवा तेवढा वेळ

प्रास्ताविक तीन मिनिटांचं, घड्याळ लावून. जन्मगाव, सालं, पुरस्कार यांची यादी वाचू नका, ती फलकावर लिहून दारात लावा. एकच गोष्ट सांगा जी लोक सिनेमात शोधतील. 'कुंकू'च्या आधी मी म्हणते, "या सिनेमात गाण्यांखेरीज वाजंत्री नाही. काय काय ऐकू येतं ते मोजा." शाळेच्या पोरांना वह्या देते. गेल्या खेपेला सातवीतल्या एका मुलीनं एकोणतीस आवाज लिहिले होते. नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते तिथं पोरं चमकून एकमेकांकडं बघतात, त्याबद्दल मात्र आधी सांगू नका.

पोरांसाठी अजून एक. बापू लहानपणी हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात काम करत आणि तिथल्या थिएटरात पडेल ते काम करत. मग कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले. 'सावकारी पाश'मधला तरुण शेतकरी ते स्वतः. हे ऐकलं की आयटीआयची पोरं पुढं सरकून बसतात.

सिनेमा संपला की चहा ठेवा आणि माईक बंद करा. माईक हातात आला की माणूस भाषण करतो. गोल बसवा. "कसा वाटला?" असं विचारू नका, "छान" एवढंच उत्तर येतं. नेमकं विचारा. 'कुंकू'नंतर माझा प्रश्न असतो: नीराचा म्हातारा नवरा काकासाहेब वाईट माणूस आहे का? एका वर्षी यावर पाऊण तास वाद झाला. एक निवृत्त तलाठी म्हणाले, त्याला उशिरा का होईना कळलं, म्हणून नाही. त्यांच्या पत्नी, ज्या दरवेळी गप्प बसून असायच्या, म्हणाल्या, "त्याला कळेस्तवर तिचं काय जायचं ते गेलं की." तलाठी काही बोलले नाहीत. चहा गार झाला, कुणी उठलं नाही.

स्वतंत्रपूरला जाऊन या

'दो आँखें बारह हाथ' लोक हिंदी सिनेमा म्हणून बघतात. बर्लिनला रौप्य अस्वल मिळालं, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, 'ऐ मालिक तेरे बंदे हम' शाळाशाळांत गायलं जातं. पण सहा खुनी कैद्यांना उघड्या माळावर नेऊन, बेड्या न घालता, शेती करायला लावणारा तो जेलर आमच्या बाजूचा आहे. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची मोकळी वसाहत काढली, कैद्यांसाठी. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रिडमन नावाचे पोलंडचे इंजिनिअर यांनी ती आखली. सिनेमाची कथा लिहिली गदिमांनी, आणि त्यांचं माडगूळ तिथून हाकेच्या अंतरावर. संगीत वसंत देसाईंचं. बैलाशी झुंजीच्या प्रसंगात बापूंच्या डोळ्यांना इजा झाली होती, कारण जेलरची भूमिका त्यांनी स्वतः केली.

आम्ही तिसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं आटपाडीला जातो आणि संध्याकाळी सिनेमा दाखवतो. हा क्रम उलटा करू नका. आधी तो माळ बघितलेला असला, तिथलं ऊन अंगावर घेतलेलं असलं, की पडद्यावरच्या खडकात पहिली कुदळ पडते तेव्हा ती वेगळी ऐकू येते. स्वतंत्रपूर आजही खुलं कारागृह आहे. आत जायचं तर आधी रीतसर पत्र लागतं, आणि तिथल्या माणसांचे फोटो काढायचे नाहीत. परवानगी मिळाली नाही त्या वर्षी आम्ही बाहेरच्या रस्त्यावर झाडाखाली बसलो, भाकरी खाल्ली आणि माघारी आलो. तेवढंही पुरलं.

तुम्ही दुसऱ्या भागात असाल तर तुमची जागा शोधा. पुणेकरांना प्रभातचा स्टुडिओ आहे, तिथं आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. मुंबईकरांना परळचा बापूंचा राजकमल स्टुडिओ. सोलापूरकरांनी 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' घ्यावा, कोटनीस तिथलेच.

घरातले कागद

पूर्वी थिएटरात सिनेमाच्या गाण्यांची पुस्तिका मिळायची. घरोघर ट्रंकांत त्या अजून आहेत. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी फलकावर लिहा की घेऊन या, मालकी तुमचीच राहील. आल्या की लॅमिनेशन करू नका, सेलोटेप तर लावूच नका, पाच वर्षांत कागद पिवळा पडून तिथंच फाटतो. सहाशे डीपीआयवर स्कॅन करा, कोणाकडून आली ते मागं न लिहिता वेगळ्या वहीत लिहा आणि त्याच दिवशी परत द्या. आमच्याकडे 'अमर भूपाळी'ची एक पुस्तिका आली. 'घनश्याम सुंदरा'च्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं सूर लिहिले होते. आणणारे गृहस्थ म्हणाले, आईचं अक्षर. पान स्कॅन होईपर्यंत ते यंत्रापाशीच उभे होते.

तारखेचं एक लक्षात ठेवा. तुळशीची लग्नं झाली की माणसांची सुरू होतात, मग साऊंडवाला, मांडववाला, खुर्च्या काही मिळत नाही. त्यात कारखाने सुरू झालेले असतात आणि उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून रस्त्यानं जातात. वाहतूकदारांना आधी भेटून, तीन संध्याकाळ आमच्या कोपऱ्यावर टेप बंद ठेवा म्हणून सांगावं लागतं. भेटून सांगितलं तर ऐकतात. साऊंडवाल्याचा इसार मी यंदा गणपतीतच देऊन ठेवला आहे.